पहिल्या विमानाला हार, शंभराव्याचं काय?

कुडाळात माझं तिकिटांचं छोटं दुकान आहे. रेल्वे, खाजगी बस, विमान, सगळी तिकिटं काढून देतो. दुकानाबाहेर एक काळा फळा टांगलाय, त्यावर गाड्यांच्या वेळा खडूनं लिहायच्या हा माझा रोजचा पहिला उद्योग. ९ ऑक्टोबर २०२१ च्या सकाळी त्या फळ्यावर सगळ्यात वर, रंगीत खडूनं मी लिहिलं होतं: 'चिपी ते मुंबई विमान, आजपासून'. चिपी म्हणजे आमच्या सिंधुदुर्ग जिल्ह्याचा विमानतळ. लिहिताना हात थरथरत होता. माझे वडील मुंबईच्या गिरणीत होते, ते गावी यायचे म्हणजे एसटीत रात्रभर बसून यायचे. त्यांच्या मुलानं आपल्या गावचं विमान फळ्यावर लिहावं, ही माझ्यासाठी लहान गोष्ट नव्हती.

परवा एका ग्राहकानं मोबाईलवर व्हिडिओ दाखवला. कुठल्याशा शहरात नवीन विमानसेवा सुरू झाली होती. अग्निशमनाचे दोन बंब दोन्ही बाजूंनी पाण्याचे फवारे सोडतायत, त्या कमानीखालून विमान हळूहळू पुढे येतंय, मग फीत, केक, पहिल्या प्रवाशाला गुलाबाचं फूल. व्हिडिओ बघून तो म्हणाला, "आपल्याकडे पण असाच झाला होता मां?" झालं होतं. म्हणूनच हे लिहायला बसलो.

आधी एक सांगतो, मला हा सोहळा मनापासून आवडतो. चिपीला पहिल्या दिवशी मी आईला घेऊन गेलो होतो. आत जायचा पास आमच्याकडे नव्हता, रस्त्याकडेला माणसं दाटीवाटीनं उभी होती, त्यात आम्ही. विमान दिसलं तेव्हा आईनं हात जोडले. बाजूच्या एका बाईनं शेजारणीला विचारलं, "ह्या आमचाच मां?" त्या 'आमचाच'ला किती वर्षं वाट बघितली होती ते सिंधुदुर्गातल्या माणसाला सांगायला नको.

पण दुसऱ्या दिवशीचे पेपर आठवा. व्यासपीठावर उद्धव ठाकरे आणि नारायण राणे एकत्र आले होते, त्यामुळे बातम्या भरल्या होत्या टोलेबाजीनं. कोण कोणाला काय बोललं, श्रेय कोणाचं. माझ्या दुकानात मात्र सकाळपासून वेगळेच प्रश्न येत होते. विमान किती वाजता? सामान किती किलो? आंब्याची पेटी नेता येईल का? कुडाळ स्टेशनवरून चिपीला जायचं कसं? पाऊस असला तर? यातल्या एकाही प्रश्नाचं उत्तर त्या दिवशीच्या बातम्यांत नव्हतं. आणि विमानमार्ग जगतो तो याच उत्तरांवर.

इतकी वर्षं तिकिटं काढताना एक गोष्ट मला कळलीय. नवीन मार्ग म्हणजे विमान आणि धावपट्टी एवढंच नव्हे. विमान कंपन्यांचं वर्ष दोन वेळापत्रकांत वाटलेलं असतं. मार्चच्या शेवटच्या रविवारपासून उन्हाळी, ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारपासून हिवाळी. त्याच्या कितीतरी आधी कुठल्या विमानतळावर कुठल्या वेळेला उतरायचं याची जागा मागावी लागते, तिला धंद्यात स्लॉट म्हणतात. मुंबईला स्लॉट मिळणं म्हणजे दादरला गर्दीच्या वेळी खिडकी मिळण्यासारखं आहे. तिथल्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एकावेळी एकच वापरता येते. आता विचार करा, चिपीला येणारं आपलं पंख्याचं छोटं एटीआर विमान सत्तरेक प्रवाशांचं. दिल्लीहून येणाऱ्या विमानात पावणेदोनशे-दोनशे माणसं. दोघांनाही जागा सारखीच एक लागते. धंद्याचा हिशोब करणारा माणूस ती जागा कोणाला देईल?

म्हणूनच लहान शहरांच्या विमानांच्या वाट्याला बहुतेक वेळा उरलेली वेळ येते. चिपीचं विमान दुपारच्या सुमारास यायचं आणि लगेच परत फिरायचं. सकाळी जाऊन मंत्रालयातलं किंवा हॉस्पिटलातलं काम करून रात्री घरी, हे त्यात बसतच नव्हतं. एक रात्र मुंबईत काढायचीच असेल तर माझा ग्राहक म्हणतो, मग कोकणकन्यानं झोपून जातो की, सकाळी पोचतो. त्याचं काय चुकलं?

दुसरी गोष्ट पैशांची. लहान शहरं विमानानं जोडायची केंद्र सरकारची 'उडान' योजना २०१६ मध्ये आली, पहिलं विमान २७ एप्रिल २०१७ ला शिमला-दिल्ली उडालं, आणि त्याच दिवशी आपलं नांदेड-हैदराबादही सुरू झालं. योजनेतली साधारण निम्मी आसनं ठरलेल्या कमी दरानं विकायची, सुरुवातीला तासाभराच्या प्रवासाला अडीच हजारांपर्यंत. कंपनीला जो तोटा होईल तो सरकार तीन वर्षं भरून देणार, त्यात केंद्राचा वाटा ८० टक्के आणि राज्याचा २०. आणि ती तीन वर्षं त्या मार्गावर दुसऱ्या कोणाची स्पर्धा नाही. कल्पना चांगलीच आहे, मी तिच्या बाजूचा आहे. तान्ह्या मुलाचं बोट धरावंच लागतं. पण बोट धरलेल्या तीन वर्षांत त्याला चालायला शिकवायचं असतं, ते कोण करतं?

सरकारी खर्चाचा हिशोब तपासणाऱ्या कॅगचा 'उडान'वरचा २०२३ चा अहवाल माझ्या मनातून जात नाही. योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत कंपन्यांना ७७४ मार्ग वाटले गेले, त्यातले ४०३ सुरूच झाले नाहीत. जे ३७१ सुरू झाले त्यातल्या फक्त ११२ मार्गांनी तीन वर्षं पुरी केली. आणि तीन वर्षांनंतरही, मार्च २०२३ पर्यंत, चालू राहिले ते ५४. सातशे चौऱ्याहत्तरांतले चोपन्न. सुरू झालेल्या प्रत्येक मार्गासाठी कुठल्या ना कुठल्या गावात एखादी बाई हात जोडून उभी राहिली असेल, आणि कोणीतरी दुकानदारानं फळ्यावर वेळ लिहिली असेल.

आपलं मुंबई-चिपी विमान चालवत होती सरकारी मालकीची अलायन्स एअर. ऑक्टोबर २०२४ मध्ये तीन वर्षांची मुदत संपली आणि विमान थांबलं. मी फळ्यावरची ती ओळ ओल्या फडक्यानं पुसली. सुरू होताना पानभर जाहिराती असतात, बंद होताना चार ओळींची बातमी येते, हे देशभर सगळीकडे असंच आहे. पुढे कित्येक महिने माणसं दुकानात येऊन विचारायची, "विमानाचा तिकीट खंय मेळता?" आणि मला प्रत्येकाला सांगावं लागायचं. सांगताना मलाच अपराधी वाटायचं.

आता कोणी म्हणेल, प्रवासीच नव्हते तर विमान कसं चालणार? हे अर्धंच खरं आहे. कोकणात प्रवाशांचा तुटवडा कधीच नसतो. गणपतीच्या गाड्यांचं बुकिंग उघडलं की काही मिनिटांत वेटिंग लागतं, तेव्हा माझ्या दुकानात रडणारी माणसं मी पाहिली आहेत. खरी अडचण आहे ती एकाच दिशेच्या गर्दीची. चतुर्थीच्या आधी अख्खी मुंबई गावाकडे येते, त्यावेळी परतीचं विमान रिकामं. विसर्जनानंतर बरोबर उलटं. शिमग्याला तेच, मे महिन्यात तेच. मग जुलैच्या पावसात विमान भरणार कसं? यासाठी मार्ग सुरू करण्याआधी अभ्यास लागतो. रिकाम्या दिशेला कोणाला बसवायचं? गणपतीआधी मुंबईला जाणारं कोणी आहे का? आहे. व्यापारी आहेत, काजूवाले आहेत, रुग्ण आहेत. त्यांच्यापर्यंत जाऊन 'या आठवड्यात जाणारं तिकीट स्वस्त आहे' हे सांगायला हवं. ते होर्डिंग लावून सांगता येत नाही.

आणि मोपा, गोव्याचा नवा विमानतळ. ११ डिसेंबर २०२२ ला उद्घाटन, ५ जानेवारी २०२३ पासून विमानं. बांदा, सावंतवाडी, दोडामार्ग तर मोपाला खेटूनच आहेत, कुडाळहूनसुद्धा ते आवाक्यात आहे. तिथे दिवसभर विमानं, चार-चार कंपन्या, दरांत स्पर्धा. सावंतवाडीचा माणूस चिपीला का येईल? विमानतळ बांधताना आजूबाजूचा सगळा जिल्हा आपलाच प्रवासी असं धरून चालतात, पण प्रवासी जिल्ह्याची सीमा बघत नाही, वेळ आणि दर बघतो. त्यात २७ जून २०२३ पासून वंदे भारत कणकवलीला थांबायला लागली. मला या दोन्ही गोष्टींचा आनंदच आहे. पण चिपीच्या विमानाला यांच्याशी टक्कर द्यायची होती, आणि त्याची तयारी कुठे दिसली नाही.

जाहिरात कशी करावी याची चांगली उदाहरणं आपल्याच देशात आहेत. कॅप्टन गोपीनाथ यांनी २००३ मध्ये एअर डेक्कन काढली तेव्हा पहिलं विमान कुठलं? हुबळी-बंगळुरू. आणि तिकिटं विकली कुठे? पेट्रोल पंपांवर. ज्या माणसानं आयुष्यात विमानाचं तिकीट पाहिलं नव्हतं तो पंपावर तर रोज जात होता. ती कंपनी पुढे टिकली नाही हे खरं, पण विमानात आपण बसू शकतो हे साध्या माणसाला तिनंच पटवलं.

दुसरं उदाहरण आपल्या शेजारचं, कोल्हापूरचं. २०१९ मध्ये कोल्हापूर-तिरुपती विमान सुरू झालं तेव्हा मला फार बरं वाटलं होतं. कारण हा मार्ग ज्यानं शोधला त्यानं नकाशाबरोबर माणसांचं मनही वाचलं होतं. बालाजीचं दर्शन अंबाबाईच्या दर्शनाशिवाय पुरं होत नाही अशी श्रद्धा आहे, नवरात्रात तिरुपतीहून अंबाबाईला शालू येतो. म्हणजे वाट शेकडो वर्षांपासून पडलेलीच होती, तिच्यावर फक्त विमान ठेवलं. अशा मार्गाला जाहिरातीचा खर्च किती लागणार? माणसं दोन्ही बाजूंनी जातात, आणि देवाला ऑफ सीझन नसतो.

आपल्याकडे अशी वाट कुठली, याचा विचार इथल्या माणसाला विचारून व्हायला हवा होता. माझ्यासारख्या दुकानदाराला विचारलं असतं तरी मी सांगितलं असतं. आमच्या वह्यांत सगळं आहे. कोण कुठे जातं, कधी जातं, कशासाठी जातं, परत केव्हा येतं. मालवणला येणारे पर्यटक कुठल्या शहरातून येतात तेही आम्हाला ठाऊक असतं. पण नवीन मार्गाचं नियोजन म्हटलं की बैठका होतात दिल्ली-मुंबईत.

माझं मागणं अवघड नाही. फीत कापायच्या आधी निदान पुढच्या सहा महिन्यांचं वेळापत्रक लोकांच्या हातात द्या, म्हणजे गणपतीचं तिकीट काढणारा माणूस विमानाचा विचार करील. विमानाच्या वेळेला धरून एसटी सोडा, आणि ती विमानतळावरून सुटून कुडाळ, मालवण, वेंगुर्ला अशी जाऊ दे. विमानातून उतरलेल्या माणसाला घरी पोचायची सोय नसेल तर ते विमान अर्ध्या वाटेवरच सोडतंय. उद्घाटनाला मंडप, फुलं, स्क्रीन यांवर जो खर्च होतो त्यातला थोडा शंभराव्या दिवसासाठी राखून ठेवा. त्या दिवशी गावागावांत माणूस पाठवा, सोसायट्यांत, बचत गटांत, शाळांत, मुंबईतल्या कोकणी मंडळांत. डोंबिवली आणि भांडुपमधल्या एका मंडळाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर पडलेलं वेळापत्रक हे हायवेवरच्या दहा होर्डिंगांना भारी आहे. आणि अनुदानाची मुदत संपायच्या वर्षभर आधीच आमच्यासमोर बसून सांगा, किती आसनं भरली, किती रिकामी गेली, चालू ठेवायचं तर काय लागेल. आम्ही हातपाय हलवू. आम्हाला शेवटच्या दिवशी कळतं तेव्हा हलवायला काही उरलेलं नसतं.

आता नवी मुंबईहून २५ डिसेंबर २०२५ पासून विमानं उडायला लागली आहेत. मुंबईत स्लॉटच नाही, हे कारण इतकी वर्षं प्रत्येक लहान शहरानं ऐकलं. त्याची धार आता कमी व्हायला हवी. सोलापूरकरांनी तर एका विमानतळासाठी काय काय पाहिलं, जून २०२३ मध्ये विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची ९२ मीटरची चिमणी पाडली गेली, त्यावरून गाव दुभंगलं, आणि प्रत्यक्ष गोव्याचं विमान यायला ९ जून २०२५ उजाडला. इतकी किंमत मोजलेल्या शहराचा मार्ग तीन वर्षांनी फडक्यानं पुसायची वेळ येऊ नये, एवढं मला मनापासून वाटतं.

एक चांगलं झालेलं सांगतो. ३१ ऑगस्ट २०२४ ला, गणपतीच्या बरोबर आठवडाभर आधी, फ्लाय९१ या विमान कंपनीनं पुणे-चिपी सुरू केलं, सुरुवातीला शनिवार-रविवार. पुण्यात आयटीत आणि कंपन्यांत आमच्या जिल्ह्याची किती मुलं आहेत! शुक्रवारी रात्री लॅपटॉप बंद करायचा आणि शनिवारी घरी. हे वेळापत्रक ज्यानं बसवलं त्यानं कोणाचा तरी विचार केला होता, हे वार बघूनच मला कळलं. मी फळ्यावर लिहिलं, 'चिपी ते पुणे, शनि-रवि'.

त्यानंतरच्या एका शुक्रवारी पिंगुळीकडच्या एक काकी दुकानात आल्या. हातात मोबाईल, त्यावर मुलानं पाठवलेलं तिकीट. त्यांना इंग्रजी वाचता येत नव्हतं. म्हणाल्या, "भाऊ, ह्या बघ मरे. उद्या झील येता. किती वाजता उतारतलो?" मी बघून वेळ सांगितली, वर बाहेर पडून घरी यायला किती लागेल तेही सांगितलं. त्यांनी बोटांवर काहीतरी मोजलं आणि पदर खोचला.

"मगे आंबोळ्यांचा पीठ आज रातीकच भिजत घालूक व्हया," म्हणाल्या, आणि झपाझप निघून गेल्या.