आधी टाकी दाखवा, मग समुद्र

आज तिसरा दिवस. नळ फिरवला की फुस्स करून हवा येते, मग तीही बंद. घरात अडीच वर्षांचं पोर जुलाबाने बेजार. आणि नेमका याच दिवशी कुटुंबाच्या ग्रुपवर प्रश्न: "काय मग, आज कुठला बीच?"

तळपायाची आग मस्तकात जाते. कॅरिबियनमधल्या या ग्रेनाडात लहान मूल घेऊन राहणाऱ्या कुणालाही विचारा, बीचचं नाव शेवटी येईल. आधी विचारतील, तुमच्या टाकीत किती उरलंय?

जानेवारी ते मे कोरडा, हे काही नवीन नाही. मुख्य बेटाचं पाणी बहुतेक डोंगरातल्या ओढ्यांवर, ते आटले की पाळ्या लागतात. बरं, पाऊस पडला की सुटलो? तेही नाही. जोराचा पाऊस आला की ओढे गढूळ होतात, शुद्धीकरण केंद्र बंद ठेवावं लागतं, आणि भर पावसात नळ कोरडा. २०२४ च्या मे महिन्यात सरकारने पाणीसंकट जाहीर केलं, आणि १ जुलैला बेरिल चक्रीवादळ कॅरिअकू या ग्रेनाडाच्याच धाकट्या बेटावर चौथ्या श्रेणीच्या ताकदीने आदळलं. एका उन्हाळ्यात दोन्ही टोकं. हे सगळं निसर्गाचं, त्यावर चिडून उपयोग नाही. चीड आहे ती सूचनेची. "आज दुपारी पाणी बंद राहील" हा निरोप दुपार टळून गेल्यावर येतो. सकाळी सातला सांगितलं असतं तर चार बादल्या, दोन पातेली आणि पोराचा टब भरून ठेवता आला असता. एवढंही का जमू नये?

त्याहून जास्त राग घरमालकांचा. जाहिरातीत समुद्राचे आठ फोटो, ग्रँड आन्सच्या बीचला चालत किती मिनिटं ते सेकंदासकट, आणि टाकीबद्दल एक अक्षर नाही. विचारलं की उत्तर मिळतं, "चारशे गॅलन." कुठला गॅलन? अमेरिकी असेल तर १५१४ लिटर, ब्रिटिश असेल तर १८१८. तीनशे लिटरचा फरक, म्हणजे तिघांच्या घराचा एक पूर्ण दिवस. ही टाकी तीन बिऱ्हाडांत मिळून आहे हे राहायला गेल्यावर कळतं. शिवाय पाणी बाहेर काढणारा पाइप तळापासून चार बोटं वर असतो, त्याखालचं पाणी गाळाचं, ते धरायचंच नाही. काटकसरीने रोज अडीचशे लिटर धरा. जुलाबाच्या दिवशी हा हिशेब मोडतो: प्रत्येक वेळी धुवायला तीन-चार लिटर, दिवसात आठ-दहा वेळा, वर दुपटी आणि चादरी. संडासाची जुनी फ्लशटाकी असेल तर एका वेळी बारा-तेरा लिटर, म्हणून ती बंद करून बादलीने पाणी टाकायचं.

टाकी भरलेली असली तरी पंप विजेवर. वीज गेली की पाणी असून नाही. टाकी दोन मीटर उंच चौथऱ्यावर असेल तर ०.२ बार दाब मिळतो, बादली भरते, शॉवर चालत नाही. पण निदान बादली तरी! जमिनीवर मांडलेली टाकी मात्र वीज येईपर्यंत नुसती बघत बसायची. हा चौथरा बांधायला मालकाला किती खर्च येतो? चार खांब आणि एक स्लॅब. पण समुद्राकडच्या गॅलरीला नवीन काच बसवायला पैसे असतात.

पंपाचंही एकदा नीट सांगते, कारण दर उन्हाळ्यात तेच होतं. टाकी रिकामी झाली आणि पंप चालूच राहिला तर आतलं सील जळतं, आणि सुटा भाग बाहेरून येईपर्यंत आठवडे जातात. म्हणून नळातून फुस्स आवाज आला की पहिलं काम पंपाचा खटका बंद करणं. नळ न उघडताही पंप सारखा चालू-बंद होत असेल तर कुठेतरी गळती आहे किंवा चेक व्हॉल्व्ह (पाणी उलटं जाऊ न देणारी झडप) पाणी मागे सोडतोय. नळ उघडल्यावर दर दोन-चार सेकंदांनी चालू-बंद होत असेल तर पंपाला जोडलेल्या दाबाच्या छोट्या टाकीतली हवा गेली. पंपाचा स्विच २०/४० पीएसआयचा (२० दाबाला चालू, ४० ला बंद) असेल तर हवा १८ हवी, स्विच चालू होण्याच्या दाबापेक्षा दोन कमी. पंप बंद करून, पाणी पूर्ण सोडून, गाडीच्या टायरच्या गेजने मोजायची. पाणी भरलेलं असताना मोजली तर आकडा खोटा येतो.

साठवलेल्या पाण्यात ब्लीच घालायचं तर बिनवासाचं. इथल्या दुकानात निम्म्या बाटल्या लिंबाच्या आणि लव्हेंडरच्या, त्या पिण्याच्या पाण्याला चालत नाहीत. साधं पाच-सहा टक्क्यांचं असेल तर लिटरला दोन थेंब, अर्धा तास थांबायचं. पाणी गढूळ असेल तर आधी फडक्याने गाळून दुप्पट. पोराला पाजायचं पाणी मात्र उकळूनच. क्लोरीनला दाद न देणारे जंतू असतात आणि गॅस सिलिंडर पोराच्या पोटापेक्षा महाग नाही.

पोट बिघडलं म्हटल्यावर सल्ल्यांना ऊत येतो. "नारळपाणी पाजा, तुमच्याकडे तर ढीग." अहो, नारळपाण्यात पोटॅशियम भरपूर आणि सोडियम अगदी कमी. जुलाबात जातं ते सोडियम. ओआरएसच पाहिजे, आणि पुडीवर किती पाण्याची आहे ते वाचून. भारतातून आणलेल्यात एक लिटरची असते तशी २०० मिलीचीही असते. लिटरची पुडी पेल्यात कालवली तर पाणी भयंकर खारट होतं आणि पोराला उलट धोका. पुडी नसेल तर एक लिटर उकळलेल्या पाण्यात सपाट सहा चहाचे चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. चमचा नीट सपाट करायचा, अंदाजाने नाही. डोळे खोल गेले, रडताना पाणी येत नाही, सहा तास लघवी नाही, असं दिसलं की घरगुती उपाय बस, दवाखाना.

दवाखान्यावरून आठवलं. या बेटावरच्या औषधाच्या दुकानात ब्रिटिश बाटली आणि अमेरिकी बाटली शेजारी शेजारी बसतात, आणि तुमच्या पिशवीत भारतातली तिसरी. तिन्ही पॅरासिटामॉल (अमेरिकी बाटलीवर नाव ॲसिटामिनोफेन, औषध तेच). ब्रिटिशमध्ये पाच मिलीत १२० मिलिग्रॅम, अमेरिकीत १६०, भारतातल्या जास्त ताकदीच्या बाटलीत २५०. बारा किलोच्या मुलाला किलोमागे १५ या हिशेबाने १८० मिलिग्रॅम: पहिल्यातून साडेसात मिली, दुसऱ्यातून ५.६, तिसऱ्यातून ३.६. रात्री दोन वाजता, वीज नसताना, साडेसातची सवय झालेल्या हाताने तिसरी बाटली उचलली की दुप्पट डोस. बाटलीवर मार्करने मोठ्ठं लिहून ठेवा, घरात एकच ताकद ठेवा. आणि "सिरप एक चमचा द्या" म्हणून सोडून देणाऱ्या प्रत्येकाला थांबवून विचारा, कुठलं सिरप? लाजू नका.

ताप म्हटला की डेंग्यूची शंका आधी, आणि त्याचं मूळ पुन्हा पाण्यातच. पाळ्या लागल्या की घराघरात पिंपं भरून ठेवलेली. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाला अंडं ते डास व्हायला सात-दहा दिवस पुरतात. टाकीच्या झाकणाची फट, हवेचा पाइप, जादा पाण्याचा पाइप, तिन्हींना बारीक जाळी बांधा. पिंप आठवड्यातून एकदा रिकामं करून आतून ब्रशने घासा, कारण अंडी भिंतीला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून जात नाहीत. हा डास दिवसा चावतो, म्हणून दुपारच्या झोपेला मच्छरदाणी. लेमन युकॅलिप्टस तेलाचं औषध तीन वर्षांखालच्या मुलाला लावू नका, "नैसर्गिक" असं कितीही छापलेलं असो. डेंग्यूची शंका असेपर्यंत आयबुप्रोफेन आणि ॲस्पिरिन बंद. ताप उतरला म्हणून निर्धास्त होऊ नका, धोका तेव्हाच सुरू होतो: पोटदुखी, सारख्या उलट्या, हिरड्यांतून रक्त, मूल मलूल.

आणि बाकीचं? सांगायला बसलं तर संपणार नाही. अमेरिकेहून कुणी प्रेमाने बाटल्यांचा स्टेरिलायझर पाठवतं, इथे २३० व्होल्ट. अडॅप्टर फक्त पिन बदलतो, व्होल्टेज नाही, पहिल्याच दिवशी धूर. लेबलवर १००–२४० लिहिलेलं नसेल तर सॉकेटजवळ नेऊच नका. भारतातला नेब्युलायझर चालतो, फक्त तीन चौकोनी पिनांचा ब्रिटिश प्लग लावून घ्या. तुरीचंही तसंच. झाडाला ओल्या तुरीच्या शेंगा लटकलेल्या दिसतात, बाजारात सोललेले दाणे मिळतात, आणि पोराच्या वरणभातासाठी साधी तूरडाळ शोधायला चार दुकानं पालथी घालायची. मिळते ती पिवळी वाटाण्याची डाळ. ती रात्रभर भिजवून, हळद-हिंग घालून, नेहमीपेक्षा तीन-चार शिट्ट्या जास्त दिल्या तर मऊ होते. वरणाची चव येत नाही, आणि पोरांना ते बरोब्बर कळतं. अळू मात्र मुबलक, कॅलालू नावाने. नीट शिजवा, कच्चं राहिलं तर घसा धरतो.

कागदपत्रांचं तर विचारूच नका. लहान मुलाचा पासपोर्ट पाचच वर्षांचा, भारताचं उच्चायुक्तालय त्रिनिदादला, पोर्ट ऑफ स्पेनमध्ये. तिथे कामाला जाऊन सहा दिवसांच्या आत भारतात उतरायचं असेल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला लागतो, कारण त्रिनिदाद त्या यादीत आहे. लस विमानाच्या किमान दहा दिवस आधी, दहा दिवस पुरे झाले नसतील तर दाखला धरत नाहीत. अमेरिकेत नुसतं विमान बदलायचं तरी मांडीवरच्या बाळालाही व्हिसा. तिकीट काढल्यावर हे कळलेली माणसं कमी नाहीत, आणि एकही ट्रॅव्हल एजंट आपणहून सांगत नाही.

म्हणून नवीन येणाऱ्यांना हात जोडून सांगणं आहे, घर बघायला जाल तेव्हा गॅलरीत जाऊ नका. मागच्या अंगणात जा. टाकीवर बोटाने टकटक करून पातळी बघा, झाकण उघडायला लावा, पंप बंद करून स्वयंपाकघरातला नळ सोडा. थेंब आला नाही तर भाडं कितीही कमी असो, घर सोडा. करारात लिहून घ्या: टाकी किती लिटर, किती बिऱ्हाडांत, पंप बिघडला तर किती दिवसांत दुरुस्त. पोरवाल्या घराला समुद्र दिसला नाही तरी चालतो.

आज रात्री पाणी येणार म्हणतात. आलंच तर टाकीचा कॉक आधी बंद, अंगणातला नळ दहा-पंधरा मिनिटं मोकळा. पाइपात साचलेली हवा आणि तांबडा गाळ बाहेर पडू दे. ते पाणी फेकू नका, संडासाच्या बादल्या त्यातच भरा. पेल्यात धरून स्वच्छ दिसायला लागलं की मगच कॉक उघडा, आणि टाकीच्या आधी पोराच्या पिण्याचं पातेलं भरून उकळायला ठेवा. मध्येच परत गेलं तर तेवढं तरी हाताशी असेल.