तो 'फ्लोअर गिअर म्हणजे मॉडिफाय केलेली गाडी' वाला मेसेज थांबवा

पुण्यातल्या जुन्या गाड्यांच्या ग्रुप्सवर एक मेसेज फिरतोय, की जुन्या गाडीत गिअर नेहमी स्टेअरिंगलाच असायचा, पुढे सलग सीट असायची, आणि खाली गिअर दिसला की गाडी ओरिजनल नाही. हे बरोबर नाहीये.

उलटं बघा, फोर्डच्या मॉडेल ए ला (1928 ते 31) गिअर खालीच होता. अमेरिकेत तो स्टेअरिंगवर सरसकट आला 1939-40 च्या आसपास, कारण पुढे तिसरा माणूस बसला की पायांना जागा मिळायची. आपली पद्मिनी नि ॲम्बेसेडर त्याच पठडीतल्या, म्हणून पुढे सलग सीट आणि लग्नाला जाताना मधे कोणीतरी पोरगं कोंबलेलं. पण ॲम्बेसेडरच्याच इसुझू इंजिनवाल्या 1800 मॉडेलला, 90 च्या दशकात, कंपनीनेच पाच गिअरचा बॉक्स खाली दिला. ती काय नकली? आणि 70 च्या दशकातल्या कितीतरी मर्सिडीजमध्ये गिअर स्टेअरिंगवर आणि पुढच्या सीट वेगवेगळ्या, म्हणजे सीटवरूनही काही ठरत नाही.

शंका असेल तर आरसी बुकवर मॉडेल आणि वर्ष बघा, मग मॅट उचलून बघा, बोगद्यावर (पुढच्या सीटच्या मधे जमिनीला असतो तो लांबट उंचवटा) कापून वेल्डिंग केलंय का आणि स्टेअरिंगच्या दांड्यावर जुन्या लिव्हरची जागा बुजवलीये का, जाणकार मेकॅनिकला लगेच कळतं.

मेसेज वाचून कोणी चांगली गाडी नाकारेल नाहीतर उगाच भाव पाडून मागेल, त्यामुळे प्लीज पुढे पाठवू नका, आणि पाठवला असेल त्या ग्रुपवर हे टाका.