मागचा गळा

काही इच्छा योग्य वयात पूर्ण झाल्या नाहीत, की त्या कपाटातल्या जरीच्या साडीप्रमाणे घडीवर घडी राहून तिथल्या तिथेच विरतात. माझी एक इच्छा मात्र तीस वर्षे घडीत राहूनही विरली नाही. ‘हम आपके हैं कौन’ हा चित्रपट १९९४ साली आला, तेव्हा मी नववीत होते. माधुरी दीक्षितची ती जांभळी साडी आणि पाठ उघडी ठेवणारा तो ब्लाउज पाहिल्यावर थिएटरपासून घरापर्यंत मी एक अक्षरही बोलले नाही. माझे मौन ही काहीतरी मागण्याची पूर्वतयारी असते, हे आईला ठाऊक असल्यामुळे मी तोंड उघडण्याआधीच तिने निकाल दिला, “अभ्यासाकडे फिरवतेस तेवढी पाठ पुरे आहे.”

वास्तविक हे बोलण्याचा आईला काडीचाही अधिकार नव्हता. ‘लव्ह इन शिमला’मुळे १९६० साली जो साधना कट देशभर पसरला, तो शाळकरी वयात तिने स्वतःच्या हाताने, भरतकामाच्या कात्रीने करून घेतला होता. साधनाचे कपाळ मोठे दिसू नये म्हणून ऑड्री हेपबर्नच्या धर्तीवर तिला ती झुलपे दिली गेली होती; आमच्या आईचे कपाळ मुळातच दोन बोटांचे असल्यामुळे ते झाकल्यावर चेहरा म्हणून फारसे काही शिल्लक राहिले नाही. अल्बममध्ये त्या काळातला एकच फोटो आहे आणि त्यात ती कोण हे सांगण्यासाठी आजीने खाली शाईने नाव लिहून ठेवले आहे.

असो. भाचीचे लग्न २०२४च्या नोव्हेंबरमध्ये करायचे ठरले आणि मी, वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी, जांभळ्या रंगाचा ब्लाउजपीस व मोबाइलमध्ये माधुरीचा फोटो घेऊन, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी राजारामपुरीतल्या आमच्या टेलरकाकांच्या दुकानात दाखल झाले. काकांनी चष्मा कपाळावर सरकवला, फोटो दोन बोटांनी मोठा केला, मग माझ्याकडे पाहिले, पुन्हा फोटोकडे पाहिले आणि अत्यंत सौजन्याने म्हणाले, “ताई, शिवायला काय, आपण शिवू की. पण घालायला जमलं पाहिजे.”

त्यानंतर माप घेण्याचा जाहीर कार्यक्रम झाला. काका टेप लावतात आणि आकडे मोठ्याने सांगतात, त्यांचा मुलगा ते वहीत उतरवतो आणि बाकावर बसलेल्या चार बायका ते मनात उतरवतात. छाती, कंबर, शोल्डर, मुंढा इथपर्यंत मी मान ताठ ठेवून उभी राहते, पण “दंड चौदा!” असे ते ज्या आवाजात पुकारतात, त्यावरून तो दंड मला तिथेच रोख भरावा लागणार असे वाटते. शेवटी तो ऐतिहासिक प्रश्न आला, “मागचा गळा किती ठेवू?”

“साडेदहा इंच,” मी म्हणाले. बाकावर शांतता पसरली.

काकांनी मला शास्त्र समजावून सांगितले. मागचा गळा खोल घेतला, की पुढचा वर ठेवावा लागतो, कारण दोन्हीकडून कापड गेले तर खांदा ठरत नाही, तो हाताने सावरण्यातच कार्यक्रम संपतो; वर नाडी द्यावी तर ती नेमकी जेवणाच्या पंगतीत सुटते. सिनेमातल्या बाईला एका शॉटपुरते उभे राहायचे असते आणि शेजारी पिना घेऊन माणूस उभा असतो. “तुम्हाला वाढायचं पण असतंय, ताई,” ते म्हणाले. त्यांचे म्हणणे खरे होते आणि म्हणूनच मला त्याचा संताप आला.

मी माझे ठेवणीतले अस्त्र काढले. “काका, कपडे करण्याबद्दल भारताला पहिलं ऑस्कर मिळालं ते आपल्या कोल्हापूरच्या भानू अथैयांना. ‘गांधी’साठी, १९८३ साली. ज्या चित्रपटाचा नायक निम्मा वेळ पंचावर वावरतो, त्या चित्रपटाच्या कपड्यांसाठी! ‘ब्रह्मचारी’तली मुमताजची ती केशरी साडीसुद्धा त्यांचीच. नेसून नाचता येईना, तर त्यांनी ती अंगावर बसेल अशी शिवलीच. या गावात एका पाठीचं काय अवघड आहे?”

“त्यांनी मुमताजला शिवली,” काका टेप गळ्यात अडकवत म्हणाले. “तुम्हाला शिवली असती, तर त्यांनाही मागचा गळा विचारायला लागला असता.”

भानूताईंनी ते ऑस्कर नीट जपले जावे म्हणून २०१२ साली अकादमीकडे परत पाठवले. आमच्या काकांनी मात्र उरलेले कापड आजवर एकाही बाईला परत दिल्याची नोंद नाही.

“मंगळवारी या,” असे सांगून त्यांनी मला निरोप दिला. कोणत्या मंगळवारी, हे विचारण्याचा भाबडेपणा मी पंचवीस वर्षांपूर्वीच सोडला आहे. पहिल्या मंगळवारी कापड अस्तरासाठी भिजत होते, दुसऱ्या मंगळवारी दिवाळीची गर्दी होती, तिसऱ्या मंगळवारी कारागीर गावी गेला होता आणि चौथ्या मंगळवारी दुसऱ्याच कोणाचा तरी पोपटी ब्लाउज मला ट्रायलसाठी देण्यात आला. त्याच वर्षी मे महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट गालात आलिया भट्टने सब्यसाचीची तेवीस फूट घोळाची साडी नेसली होती. १६३ कारागिरांनी मिळून १,९६५ तास काम करून ती तयार केली होती. माझा ब्लाउज ४३ दिवसांनी हाती आला. दिवसाचे चोवीस तास धरले तर हे १,०३२ तास होतात, म्हणजे आलियाच्या साडीला लागले त्याच्या निम्म्याहून अधिक, आणि तेही घोळ वगळून.

घरी येऊन टेप लावली, तर मागचा गळा साडेसात इंच भरला. तीन इंचांची ही नैतिक कपात काकांनी परस्पर केली होती आणि शिवाय दोन्ही बाजूंना आत भरपूर मार्जिन सोडून माझ्या भवितव्याविषयीचे आपले मतही शिलाईत नोंदवले होते. भांडायला वेळ नव्हता. लग्न दुसऱ्या दिवशी होते. तो घालून मी अक्षता वाटल्या, वरमाईच्या मैत्रिणींना आग्रहाने जिलेबी वाढली, नवरीच्या मागे धावले, आणि खांदा एकदाही उतरला नाही, हे मी काकांना अर्थातच सांगणार नव्हते.

पंगती उठल्यावर एकाहत्तर वर्षांच्या आईने मला जवळ बोलावले, खांद्याला धरून पाठमोरी वळवले आणि बराच वेळ काहीच बोलली नाही. आता तीस वर्षांपूर्वीचे वाक्य पुन्हा ऐकावे लागणार, या तयारीने मी डोळे मिटले.

“हा कसला बाई माधुरीचा ब्लाउज!” आई म्हणाली. “तिचा चांगला चार बोटं आणखी खाली होता.”

पुढच्या महिन्यात पुतण्याचे लग्न आहे. जिलेबीच्या आग्रहात मी स्वतःलाही वगळले नसल्यामुळे दोन्ही बाजूंचे मार्जिन उसवायचे आहे, आणि आईच्या सांगण्यावरून गळाही खाली घ्यायचा आहे. काल ब्लाउज टाकून आले. मंगळवारी या म्हणाले आहेत.