घ्या बिनधास्त, परत कशाला द्यायचं?

ग्राफिक्स ड्रायव्हर लिहायला बसलात? मग कर्नलकडे, म्हणजे सिस्टिमच्या गाभ्याकडे, मेमरी मागताना लाजू नका, आणि ती परत करायच्या भानगडीत तर मुळीच पडू नका. परत करायची ओळ लिहावी लागते ती काम फसण्याच्या वाटेवर. आपलं काम फसेल असं धरून कोड लिहिणं म्हणजे शुभकार्यात अभद्र बोलणंच की!

आदर्श हवा असेल तर लिनक्समधला एएमडीचा ड्रायव्हर बघा. कर्नल ५.३.८ च्या आधी, कार्डातला आवाजाचा भाग सुरू करणाऱ्या एकाच फंक्शनमध्ये चार गळत्या होत्या. मेमरी घ्यायची, पुढे डिव्हाइस जोडता आलं नाही किंवा वाट बघता बघता टाइमआउट झाला, की एरर सांगून चालू पडायचं. भाड्याची पातेली मांडवातच टाकून वऱ्हाड निघून जावं तसं. याला सुरक्षा-त्रुटींच्या जाहीर यादीत सीव्हीई-२०१९-१९०६७ असा नंबरही मिळाला. मात्र लगेच हरकत आली: ही गळती घडवायला आधी मॉड्यूल (कर्नलला जोडायचा कोडचा तुकडा) लोड करायचा अधिकार हवा, आणि तो ज्याच्या हाती आहे त्याला असल्या चोरवाटांची गरज काय? हरकत रास्त आहे. म्हणूनच ती पाठ करा आणि जिथे लागू होत नाही तिथेही ठोकून द्या.

उदाहरणार्थ, रेंडर नोडवर, म्हणजे साध्या प्रोग्रामांना कार्ड वापरायला ठेवलेल्या दारावर. हे दार ब्राउझरही उघडतो, गेमही उघडतो. रूट, म्हणजे मशीनच्या मालकाचा अधिकार, लागत नाही. तिथल्या एखाद्या आयऑक्टलमध्ये (ड्रायव्हरला हुकूम द्यायच्या कॉलमध्ये) चुकीचा आकडा पाठवला की शंभरेक बाइट सांडतात, अशी सोय ठेवा. शंभर बाइटांचं काय एवढं? कोणी तेच लूपमध्ये टाकलं, तर तो त्याचा आगाऊपणा. मेमरी संपली की ओओएम किलर, म्हणजे प्रोसेस मारून मेमरी मोकळी करणारा कर्नलचा जल्लाद, येतो आणि प्रोसेसची खाती तपासतो. तुमची गळती कर्नलच्या पोटात, कोणाच्याच नावावर नाही. सापडतो बिचारा ब्राउझर, आणि मरतोही तोच. तुम्हीही त्यालाच शिव्या घाला.

मेमरी सांडून कंटाळलात तर रेफरन्स काउंट (एखादी वस्तू किती जण वापरतायत तो आकडा) वाढवा आणि कमी करायला विसरा. पूर्वी साधा ३२ बिटांचा काउंटर फिरून शून्यावर यायचा. वापरात असलेली वस्तू मोकळी व्हायची आणि हल्लेखोराची दिवाळी. २०१७ मध्ये, ४.११ पासून, कर्नलमध्ये रेफकाउंट_टी हा नवा काउंटर आला. हा टोकाला गेला की तिथेच अडून बसतो आणि लॉगमध्ये लिहितो, ‘सॅच्युरेटेड, लीकिंग मेमरी’, म्हणजे काउंटर भरला, आता ही वस्तू मोकळी होणार नाही. म्हणजे मोठा अनर्थ टाळायला कर्नल स्वतःच मुद्दाम गळती करतो! यापुढे कोणी बोट दाखवलं तर हीच ओळ त्याच्या तोंडावर मारा.

एखादा चिकट सहकारी केमेमलीक, म्हणजे कर्नलमधल्या गळत्या शोधणारं साधन, लावून बघू म्हणेल. त्याला सांगा, कर्नल पुन्हा बिल्ड करावा लागेल आणि मशीन रखडेल. हे बहुतेक वेळा खरंही असतं, त्यामुळे तो दुसऱ्यांदा विचारत नाही.