फुटलेला लायनर फुंकून निघत नाही

जीसी (गॅस क्रोमॅटोग्राफ, नमुन्यातले घटक वेगळे करून मोजणारं यंत्र) चालवणाऱ्यांच्या ग्रुपांवर सध्या लायनरबद्दल, म्हणजे नमुना टोचतात त्या गरम इनलेटमधल्या काचेच्या नळीबद्दल, एक मेसेज फिरतोय: ‘लायनर फुटला? मशीन थंड करत बसू नका. इनलेट ३५० डिग्रीला न्या, काच सैल होते. सेप्टम नट काढा, प्रेशर चढवा, तुकडे वर उडून येतात नाहीतर स्प्लिट व्हेंटमधून निघून जातात. थोडी काच आत राहिली तरी चालतं, काच निष्क्रिय असते. दहा मिनिटांत सिक्वेन्स सुरू.’ तो माझ्या भाचीपर्यंत पोचला आणि तिने विचारलं, “मामा, असं करू का?” नको करूस. कोणीच करू नये.

आधी तापवण्याचं बघू. लायनर बोरोसिलिकेट काचेचा असतो. ही काच सुमारे ८२० अंशांना मऊ पडते आणि अजिलेंट कंपनीच्या ७८९० जीसीचा स्प्लिट/स्प्लिटलेस इनलेट ४०० च्या वर जातच नाही. मग ३५० ला काय सैल होणार? एवढं मान्य, की ओ-रिंग (लायनरभोवतीचं सीलचं कडं) भाजून चिकटली असेल तर इनलेट कोमट असताना ती लवकर सुटते. पण ती झाली अख्खा लायनर काढण्याची सोय.

सगळ्यात घातक आहे ते प्रेशरचं. कॅरियर, म्हणजे वाहक वायू, लायनरमध्ये वरून येतो, तळाशी गोल्ड सीलपर्यंत (सोन्याचा मुलामा दिलेली चकती) उतरतो, तिथे थोडासा कॉलममध्ये (घटक वेगळे करणाऱ्या बारीक नळीत) जातो आणि बाकीचा लायनर आणि इनलेटची भिंत यांच्यामधल्या फटीतून वर चढून स्प्लिट लाइनला, म्हणजे जादा वायू स्प्लिट व्हेंटकडे नेणाऱ्या नळीला, लागतो. मोठे तुकडे या प्रवाहाने हलत नाहीत, ते सीलवर पडून राहतात. हलते ती पिठासारखी पूड. ती जाते स्प्लिट लाइनकडे, तिथून गाळणीत म्हणजे ट्रॅपमध्ये, आणि कॉलमच्या पाव मिलिमीटरच्या तोंडात. म्हणजे जे चिमट्याने निघालं असतं ते जागेवरच, आणि जे कुठेही जायला नको होतं ते सगळीकडे. सेप्टम नट (इनलेटच्या तोंडावरचं रबरी बूच, म्हणजे सेप्टम, धरणारा नट) काढल्यावर प्रेशर चढतही नाही. सेटपॉइंट गाठता येत नाही म्हणून मशीन इनलेट बंद करतं. तोवर वाकून बघणाऱ्याच्या डोळ्यासमोर ३५० डिग्रीचं उघडं भोक आणि त्यात काचेची पूड. कॉम्प्रेसरची हवा मारणं किंवा तोंडाने फुंकणं हीसुद्धा त्याच जातीची सूचना आहे. गॉगल लावल्याशिवाय फुटलेल्या लायनरजवळ तोंड नेऊच नका.

‘काच निष्क्रिय असते.’ विकत घेतलेल्या लायनरचा पृष्ठभाग डीअ‍ॅक्टिव्हेट केलेला, म्हणजे रसायनाने निष्क्रिय केलेला असतो. तो फुटला की नवी कड उघडी पडते, तिच्यावर सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेले OH) मोकळे असतात, आणि गरम इनलेटमध्ये नाजूक रेणू तिथे तुटतात. म्हणूनच अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेच्या, ईपीएच्या, ८०८१बी पद्धतीत एन्ड्रिन आणि डीडीटी ही कीटकनाशकं टोचून ब्रेकडाऊन, म्हणजे ती किती तुटतात ते, मोजतात. एन्ड्रिनचं अल्डिहाइड आणि कीटोन होतं, डीडीटीचं डीडीई आणि डीडीडी. दोन्हींपैकी एकाचाही ब्रेकडाऊन १५ टक्क्यांवर गेला तर आधी दुरुस्ती, मग नमुने. कीटकनाशकांचे अंश मोजणाऱ्या लॅबने काच आत ठेवून रिपोर्ट काढले, तर त्यातला डीडीईचा आकडा नमुन्याचा की इनलेटचा? ओ-रिंगच्या वरचा छोटा टवका आणि साधं सॉल्व्हंटचं स्प्लिट इंजेक्शन असेल तर पीक (आलेखातले सुळके) ठीक दिसतीलही, नाकारत नाही. तरी तो लायनर बदलायचाच.

दहा मिनिटांत काहीच होत नाही. ओव्हन आणि इनलेट ४० अंशांखाली येऊ द्या. एफआयडी (ज्योतीचा डिटेक्टर) विझवून हायड्रोजन बंद करा. एमएस (मास स्पेक्ट्रोमीटर) असेल तर व्हेंट करा, म्हणजे त्याची निर्वात पोकळी सोडा. कॅरियर बंद. आधी कॉलम खालून काढून टोक जुन्या सेप्टममध्ये खोचा. ओव्हनच्या तळाशी पांढरा कागद पसरा. वरून लायनरचा नट, ओ-रिंग आणि हाताशी येणारे तुकडे लांब चिमट्याने काढा. उरलेले तारेने ढोसू नका, भिंतीला चरे पडतात. त्याऐवजी खालचा रिड्यूसिंग नट अर्ध्या इंची पान्याने सोडवा. गोल्ड सील उतरलं की काच आपोआप कागदावर पडते. मग तुकडे ७८.५ मिलिमीटरच्या नव्या लायनरशेजारी जुळवा. तुकडा कमी भरला तर स्प्लिट लाइन सोडवून बघा, ट्रॅप बदला. आतली भिंत मिथेनॉलमध्ये भिजवलेल्या, धागे न सोडणाऱ्या बोळ्याने खालच्या दिशेने पुसा, बोळा कोरा निघेपर्यंत.

गोल्ड सील आणि वॉशर नवेच घाला. सोनं मऊ असतं, काचेच्या एका ओरखड्यावरून गळती सुरू होते. कॉलमचं टोक १० सेंटिमीटर कापा, फेरूल (कॉलमभोवतीचं सीलचं कडं) नवा, आणि टोक फेरूलच्या वर ४ ते ६ मिलिमीटर. लीक टेस्ट करा, थंड कॉलममधून १५ मिनिटं कॅरियर वाहू द्या, मगच तापवा. आत हवा असताना तापवलं तर कॉलमची फेज (आतला लेप) जळते.

फुटण्याचं कारण बहुधा हातातच असतं. ग्रॅफाइटच्या ओ-रिंगवर नट करकचून आवळणं, निमुळत्या लायनरमध्ये कॉलम फार वर घुसवणं, किंवा दुसऱ्या मॉडेलचा, लांबीत न बसणारा लायनर कोंबणं. नवा घालण्याआधी यातलं कोणतं झालं ते शोधा, नाहीतर तोही फुटेल.