नाजूक आहे, मारू नये

गेल्या मंगळवारी सकाळी सात वाजून बारा मिनिटांनी, कुकरची दुसरी शिट्टी व्हायच्या बेतात असताना, आमच्या कराटे क्लासच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर सरांचा मेसेज पडला. जसाच्या तसा देते. "सर्व पालक व विद्यार्थी, कुमितेच्या वेळी मॅडमच्या छातीला पंच मारू नये. नाजूक आहे. मारल्यास 50 बैठका. कृपया नोंद घ्यावी." पुढे हात जोडलेले. कुमिते म्हणजे समोरासमोर उभं राहून लढतीचा सराव. ग्रुपवर 73 माणसं आहेत. मॅडम एकच आहे.

नोंद घेतली हो लोकांनी. अकरा अंगठे, चार "नोटेड सर", एक "गेट वेल सून", आणि न वाचताच टाकायची सवय असलेल्या एका गृहस्थांचं "हॅपी बर्थडे मॅडम", केकसकट.

तर मी 47 वर्षांची, डोंबिवलीची. लेकीला क्लासला घातलं, वर्षाची फी आगाऊ भरली, यलो बेल्ट मिळाल्या मिळाल्या तिला कंटाळा आला आणि पैसे फुकट जाऊ नयेत म्हणून तिच्या जागी मी उभी राहिले ती आता ग्रीन बेल्टवर आहे. मधे डाव्या बाजूला कॅन्सर झाला, ती बाजू काढली, तिथे सिलिकॉनचं इम्प्लांट बसवलं. झालं. यावर मला जास्त लिहायचं नाहीये, कारण ऐकणारा रडायला लागतो आणि मग पाणी मलाच आणून द्यावं लागतं.

पण सरांना सांगणं भाग होतं. ते मी खाजगीत, शूजच्या रॅकपाशी सांगितलं. म्हटलं सर, मला इम्प्लांट आहे, तर कुमितेत जरा...

"अच्छा, डेंटल?"

"नाही सर."

"मग माऊथगार्ड लावा ना. घट्टवाला घ्या."

"सर, दातात नाही. इकडे." आणि मी हाताने मोघम दिशा दाखवली. सर ब्लॅक बेल्ट, थर्ड डान, कौलं हाताने फोडतात. त्यांनी आधी स्वतःच्या पायाच्या अंगठ्याकडे बघितलं, मग पंख्याकडे, आणि "ओके ओके मॅडम, मी बघतो" म्हणाले. आता ते "बघतो" म्हणजे असं बघणार आहेत हे मला काय माहीत.

त्यांचाही दोष नाही म्हणा. स्तन हा शब्द आपल्याकडे ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात स्तनपानाच्या पोस्टरवर येतो आणि आठ तारखेला परत आत जातो. उरली छाती. ती पुरुषांनी केव्हाच घेऊन टाकलीय, फुगवायची काय, ठोकायची काय, तिचा कोट काय करायचा. त्यामुळे मला साधी विचारायची गोष्ट होती की इथे पंच बसला तर काय होईल, ती मी चार जणांना विचारली आणि चौघांनी मला "जपून करा" एवढंच सांगितलं. जपून म्हणजे काय? मला मारणारा नऊ वर्षांचा आहे, जपून त्याने करायला पाहिजे.

शेवटी माझ्या सर्जनबाईंनी सांगितलं, त्याही एका दमात, पुढच्या पेशंटची फाईल उघडता उघडता. पहिला दीड महिना जड उचलायचं नाही, कुमिते माझ्या बाबतीत सहा महिन्यांनंतर, तेही गार्ड घालून. हलक्या पंचने फुग्यासारखं फटकन काही फुटत नाही, पण जोराचा मार बसला, कोपर बसलं, तर फाटू शकतं. आणि फाटलं तरी कळेलच असं नाही, कारण आतलं जेल घट्ट असतं, ते जागच्या जागी राहतं. याला सायलेंट रप्चर म्हणतात. म्हणून सुरुवातीला पाच-सहा वर्षांनी आणि मग दर दोन-तीन वर्षांनी एमआरआय नाहीतर सोनोग्राफी. सोसायटीतलं लीकेज निदान खालच्यांच्या छतावर तरी दिसतं!

त्यात माझी अजून एक गंमत अशी, की ऑपरेशननंतर तिथली चामडी बधिर आहे. परवा एका पोराचा ठोसा बसला, तो बिचारा पांढराफटक पडून सॉरी सॉरी करतोय आणि मी विचारतेय, लागला का कुठे? दुखतं तेव्हा माणूस मागे सरतो. मला दुखतच नाही, मग मी मागे कशाला सरू? गार्डची खरी गरज त्यासाठी. आणि पुशअप मारताना तर विचारूच नका. ते बसवलंय छातीच्या स्नायूखाली, त्यामुळे मी जोर लावला की डावी बाजू स्वतःच्या मनाने बगलेकडे निघते. शाळेत कवायतीला एक मुलगा कायम उलटा वळायचा ना, तसं.

गार्ड आणायला गेले तर ती वेगळीच तऱ्हा. जागतिक फेडरेशनच्या स्पर्धेत बायकांना कुमितेसाठी चेस्ट प्रोटेक्टर कंपल्सरी आहे, म्हणजे वस्तू काही चोरून विकायची नाही. पण दुकानातल्या पोराने ती आतून आणली, वर्तमानपत्रात गुंडाळली, मग काळ्या पिशवीत घातली, मी नको म्हणत असताना. पुरुषांचं गार्ड मात्र दारातच लटकत होतं, झुंबरासारखं. आणि क्रिकेटमध्ये? बॅट्समन स्ट्राइक घेण्याआधी अख्खा देश बघत असताना ते नीट करतो, कॅमेरा हलत नाही, कॉमेंटेटर खेळपट्टीबद्दल बोलत राहतात, माझे सासरे भजी खात राहतात. कोणीही ग्रुपवर मेसेज टाकत नाही. असो. घरी येऊन घातलं तर गार्डच्या दोन्ही वाट्या एका लेव्हलला. माझी डावी बाजू नवी कोरी, हलायला तयार नाही. उजवी 47 वर्षांची, तिने परिस्थितीशी जुळवून घेतलेलं. एका वेळी एकच बाजू बसते.

भाचा म्हणाला, मावशी, ज्यूदो कर, त्यात पंच नसतात. नसतात, खरंय. त्यात अख्खा माणूस अंगावर पडतो आणि 20 सेकंद दाबून धरलं की जिंकतो.

रात्री झोप येईना म्हणून मी हेच शोधत बसले, तर 2017 च्या एप्रिलमधली बफेलोची यूएफसी 210 सापडली, म्हणजे अमेरिकेतली ती पिंजऱ्यातली मारामारी. पर्ल गोन्झालेझ म्हणून फायटर, वजन बिजन करून मोकळी झाली आणि मग सामन्यांना परवानगी देणाऱ्या न्यूयॉर्कच्या कमिशनला आठवलं की हिला इम्प्लांट आहेत आणि आपल्या नियमात ते बसत नाहीत. खेळायचं नाही. मग चर्चा, मग बरं, खेळ. त्याच सकाळी, त्याच तराजूवर चॅम्पियन डॅनियल कॉर्मिए 206.2 पाउंड भरला, पाहिजे होतं 205. तीन मिनिटांच्या आत परत आला, अंगावर काही नाही म्हणून पुढे टॉवेल धरलेला, त्या टॉवेलवर त्याने हळूच हात टेकवले, म्हणजे तेवढा भार तराजूवरून टॉवेलवर, आणि भरला बरोब्बर 205. पास! बाईच्या छातीतलं सिलिकॉन सगळ्यांना दिसलं, एवढा मोठा टॉवेल कोणाला दिसला नाही. (ती पुढे तिसऱ्या राउंडमध्ये हरली. गळा आवळल्यामुळे. इम्प्लांटचा काडीचा संबंध नाही.)

हां, तर तो मेसेज. त्याच संध्याकाळी अद्वैतच्या आजोबांनी मला हॉलच्या जिन्यात गाठलं. हे सरकारी नोकरीतून रिटायर झालेले इलेक्ट्रिकल इंजिनिअर, नातवाला सोडायला येतात, घरून फोल्डिंगची खुर्ची आणतात आणि मुलं ओस, म्हणजे कराटेतलं "हो सर", म्हणून ओरडली की दर वेळी शेजारच्याला विचारतात, "ऊस? कशाला पाहिजे ऊस?"

"वहिनी, मेसेज वाचला."

"हो का."

"डावं की उजवं?"

एवढ्या दिवसांत सरळ विचारणारा हा पहिला माणूस. माझ्या तोंडून उत्तर निघूनच गेलं. "डावं."

"माझंही डावं!" त्यांनी आनंदाने शर्टाची वरची दोन बटणं सोडली. गळ्याच्या हाडाखाली काडेपेटीएवढा उंचवटा. "पेसमेकर. हात लावून बघा."

"नको काका."

"अहो लावा. अद्वैतचे सगळे मित्र लावून गेलेत."

मी एक बोट लावलं. त्याच क्षणी खालून दोन आया डबे घेऊन वर आल्या. त्यांनी काय पाहिलं ते त्यांना विचारा, मी सध्या दुसऱ्या जिन्याने जाते.

"तुमची बॅटरी किती वर्षांची?"

"काका, त्याला बॅटरी नसते."

"मग चालतं कशावर?"

"चालत नाही. नुसतं असतं."

"नुसतं? काम काहीच नाही?" सरकारी नोकरीत 32 वर्षं काढलेल्या माणसाला जागेवर नुसतं बसून राहण्याचं एवढं नवल वाटावं याचंच मला नवल वाटलं. "हे तुमचं नवीन निघालंय का?"

आता मी रात्रभर वाचलेलं, सोडते होय! म्हटलं, पेसमेकर माणसाच्या शरीरात पहिल्यांदा बसला 1958 ला, स्टॉकहोमला. आमचं सिलिकॉनचं 1962 ला, ह्युस्टनला. चारच वर्षांचा फरक.

"म्हणजे आमची धाकटी जाऊबाई." मग त्यांनी पाकिटातून लॅमिनेट केलेलं कार्ड काढलं. "तुम्हाला दिलंय का असं? जवळ ठेवता ना? एअरपोर्टवर मी हे दाखवतो, साहेब साहेब करत बाजूने नेतात."

दिलंय. कपाटात आहे, पैठणीखाली, एलआयसीच्या फाईलमध्ये. मला साहेब कोण म्हणणार.

"आणि वहिनी, तुमचं ते... शोभेसाठीच ना?"

इथे मी कॅन्सर म्हणू शकले असते. तो शब्द काढला की समोरचा मऊ होतो, अरेरे म्हणतो, माफ करतो. पण माफ काय करायचंय? माझी एक मैत्रीण आहे, तिने दोन्ही बाजूंना हौसेने करून घेतलंय, ती किकबॉक्सिंग करते. सिलिकॉन तेच, पंच तोच, फाटायची भीतीही तीच. मला "बिचारी" आणि तिला "बघा बाई काय एकेक" का? त्या दिवशी माझं डोकं फिरलेलंच होतं. म्हटलं, "हो काका. शोभेसाठी."

काकांनी कार्ड पाकिटात ठेवलं, विचार केला. "असू दे. आमच्या बिल्डिंगवर पण दिवाळीला लायटिंग करतात." आणि मग बटणं लावता लावता एकदम दुखावल्यासारखे, "पण मग सरांनी माझ्याबद्दल का नाही टाकला मेसेज?"

रात्री साडेनऊला त्यांनी स्वतःच टाकला. "माझ्याही छातीत डाव्या बाजूस यंत्र आहे. मलाही कोणी पंच मारू नये. - अद्वैतचे आजोबा." खाली त्यांचा खुर्चीत बसलेला फोटो.

एकेचाळीस बदाम. "काळजी घ्या आजोबा" सोळा. सरांचं "यू आर अवर इन्स्पिरेशन सर".

मला अजूनही हॅपी बर्थडे एकच आहे.