जेनी डायव्हरचे खोटे हात: फिरणाऱ्या मेसेजबद्दल खुलासा

मांढरदेवच्या यात्रेच्या तोंडावर साताऱ्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: लंडनची पाकीटमार जेनी डायव्हर पोटावर खोटे हात बांधून चोरी करायची, पाकीट मारलं म्हणून फासावर गेली, तेव्हा गर्दीत हाताची घडी घालून बसलेल्या बायकांपासून सावध राहा.

फाशी खरी. १८ मार्च १७४१, लंडनचं फाशीचं ठिकाण टायबर्न. खरं नाव मेरी यंग. त्याआधी दोनदा अमेरिकेत हद्दपार होऊन ती परतली होती. पण शेवटचा आरोप पाकीटमारीचा नव्हता, जबरी चोरीचा होता. एक शिलिंगाहून जास्त रकमेच्या पाकीटमारीलाही तेव्हा फाशीच होती (१८०८ पर्यंत), मात्र चोरी नकळत झालेली असावी लागे. इथे साथीदाराने फळ्यांवरून पलीकडे नेण्याच्या बहाण्याने एका बाईचा हात धरला, जेनीने खिशात हात घातला, बाईने तो पकडला आणि जेनीने तिला तोंडावर मारलं. झाली जबरी चोरी.

खिसा तरी कसला? कमरेला नाडीने बांधलेली, घागऱ्याच्या आतली पिशवी. वरच्या चिरेतून हात आत जाई. म्हणून टोळी लागायची. एकाने अडवायचं, दुसऱ्याने काढायचं, माल लगेच तिसऱ्याकडे.

खोट्या हातांचा किस्सा गुन्हेगारांच्या खमंग चरित्रकथांतला. शेवटच्या खटल्यात तो नाही. यात्रेत घडी घातलेले हात बघत बसू नका. विनाकारण अंगावर रेलणारा, वाट अडवणारा, आपणहून हात धरणारा माणूस बघा.